दोन खटके कमी

लीलाबाई तांडेल नवा अँप जोडला की आधी रेकॉर्ड लावत नसत. सुई वर उचललेलीच ठेवायची, आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवायचं आणि स्पीकरपुढे मांडी घालून बसायचं. खोलीत काहीच वाजत नसे आणि त्या डोळे मिटून ते ऐकत असत. मध्येच कुणी बोललं तर डावा हात नुसता वर करत. मिनिटभराने डोळे उघडून म्हणत, "गप्प बसता येतंय याला. आता गाऊ दे."

मी आयुष्यभर यंत्रं तपासण्याचं काम केलं. मीटर लावल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही. पण या बाईंचा तो वर केलेला हात आठवला की अजूनही बोलता बोलता थांबतो. त्यांच्या कामाविषयी मी एकदा लिहिलं होतं, आमच्या मंडळाच्या अहवालात. ते लिहिलेलं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. म्हणून आता पुन्हा लिहायला बसलो आहे.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत अँप्लिफायर बनवणारा एक कारखाना होता. मी तिथे तपासनीस होतो आणि लीलाबाई सोल्डरिंगच्या तिसऱ्या टेबलावर बसत. अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या कोळीवाड्यातून यायच्या. घरातल्या इतर बायका मासळीच्या धंद्यात; ही एकटीच कारखान्यात आली. केसांत अबोलीचा गजरा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि हातातली इस्त्री, म्हणजे सोल्डरची, पेन धरावं तशी धरलेली.

एकदा त्या टेबलावरून उठून थेट माझ्यापाशी आल्या. पलीकडे माझ्या माणसांची शेवटची चाचणी चालू होती, एकेक अँप वाजवून बघत होते.

"साहेब, त्या निळ्या खोक्यातले कपॅसिटर वापरू नका. खराब हायत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाजतंय ना तिकडं. सकाळचे वेगळे वाजत होते, आताचे वेगळे वाजतात."

मी हसलो. "तांडेलबाई, तुमचं काम जोडायचं. ऐकायचं काम आमचं."

"मग ऐका की," त्या म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

दुपारी मी त्या खोक्यातले कपॅसिटर मोजले. बरेचसे गळके निघाले. वर पाठवलेल्या कागदावर मी लिहिलं, 'तपासणीत आढळले'. कुणाला आढळले ते लिहिलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि आम्ही सगळे पांगलो.

त्यांचा आवाज मी पुन्हा ऐकला तो निवृत्त झाल्यावर. मुलुंडच्या घरात वडिलांच्या रेकॉर्डींचं खोकं पडून होतं. तबकड्या ऐकायची हौस लोकांना पुन्हा लागली तशी मलाही लागली. टर्नटेबल घेतलं, फोनो प्रीअँप घेतला. ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी सांगतो. सुईकडून येणारा आवाज इतका क्षीण असतो की नेहमीच्या अँपला तो पोचतच नाही. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. तो क्षीण आवाज मोठा करायचा आणि दाबलेलं-चढवलेलं बरोबर उलटं करून सारखं करायचं, हे फोनो प्रीअँपचं काम. एवढ्याशा डब्याचं हे काम, पण ते चुकलं तर पुढे कितीही भारी स्पीकर लावा, उपयोग नाही.

माझा भुणभुणत होता. आठ दिवस खटपट केली. शेवटी कारखान्यातल्या एका जुन्या माणसाकडून लीलाबाईंचा नंबर मिळवला.

"कोण?"

"मी परब. मरोळचा. तपासणीवाला."

"अगो बाय, परबसाहेब! हाय अजून तुम्ही?"

मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "फोन स्पीकरजवळ धरा. आता सुईच्या दांड्याला बोट लावा. काय झालं?"

"थांबली भुणभुण."

"मग जमिनीची वायर सुटलीय. मागे बघा, बारकी असेल, एकटीच."

बघितलं. सुटलेली होती.

"आणि साहेब, तो डबा फ्रिजपासून लांब ठेवा."

"इथे फ्रिज आहे हे तुम्हाला काय माहीत?"

"आता सुरू झाला ना. मना ऐकू आला."

फ्रिज खरंच तेवढ्यात सुरू झाला होता. मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि मला तो ऐकू आला नव्हता.

त्यानंतर मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. वरच्या माळ्यावर खिडकीशी टेबल होतं. बाहेर दोऱ्यांवर बोंबील वाळत असत आणि आत मसाल्याच्या डब्याच्या सात वाट्यांत रेझिस्टर नि कपॅसिटर निवडून ठेवलेले असत. कारखाना सुटल्यापासून त्या स्वतःचे फोनो प्रीअँप बनवत होत्या. अगदी मोजके, ओळखीतल्या माणसांसाठी. भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा चौकोनी झाकणाचा डबा आणायचा आणि त्यात सगळं बसवायचं. त्यावर नाव नाही, काही नाही. तळाशी खिळ्याने कोरलेला एक आकडा.

काम सुरू करण्याआधी त्या माणसाला बसवून प्रश्न विचारायच्या. सुई कुठली? घर रस्त्यावर आहे का? घरात आणखी कोण ऐकतं? बसता कुठे? एकाने वैतागून विचारलं होतं, "बाई, अँप बनवताय की स्थळ बघताय?" त्या म्हणाल्या, "दोन्हीकडं नंतर तक्रार चालत नाय."

शंभर कपॅसिटर आणून त्यांतले चार निवडायच्या. डावा आणि उजवा जुळ्यांसारखे हवेत, हा हट्ट. खाऱ्या हवेने सांधे काळे पडतात म्हणून प्रत्येक टाक्यावर बिनरंगी नेलपॉलिश लावायच्या. त्यांची जाऊ हंसाबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. ती जिन्यातूनच ओरडायची, "स्वतःच्या नखाला लगनात पण नाय लावलं, आणि डब्याला लावते बघा कशी!"

आवाज तपासायला त्यांच्याकडे एकच रेकॉर्ड होती, एका बाईंच्या भजनांची, कडा झिजलेली. त्यातली एकच जागा त्या ऐकायच्या. दुसऱ्या अंतऱ्याआधी गाणारी श्वास घेते ती. साध्या अँपवर तिथे नुसती फट ऐकू येई. लीलाबाईंच्या डब्यावर तिथे एक बाई उभी असे, ओठ उघडलेले, आता गाणार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान वळवून बघितलं होतं. लीलाबाई हसल्या. "सगळे बघतात," म्हणाल्या.

टेबलावरच्या आवाजाच्या बटणाला खटके होते. एक खटका म्हणजे साधारण एक डेसिबल. त्या खटक्यांतच बोलायच्या. शेजारचा टीव्ही पाच खटके वाढला, हंसा आज दोन खटके कमी बोलते, बरं नाय वाटत तिला. चेष्टा म्हणून मी एकदा त्यांची पाठ असताना बटण एकच खटका मागे घेतलं. पाठ न वळवता त्या म्हणाल्या, "ठेवा परत होतं तिथं."

माझ्यासाठी त्यांनी बनवलेल्या डब्याचा नंबर आठ. घाटकोपरला जयंतभाई नावाच्या गृहस्थांच्या सोसायटीच्या सभागृहात आमचं ऐकणाऱ्यांचं मंडळ महिन्यातून एका रविवारी सकाळी जमायचं. तिथे मी तो डबा घेऊन जायचो. जयंतभाई म्हणायचे, "परबभाई, टिफिन आणला काय?" पण ऐकल्यावर गप्प व्हायचे. तिघांनी लीलाबाईंकडे आपापले डबे सांगून ठेवले. तेव्हा जयंतभाईंनी सुचवलं, चार प्रीअँप पडद्याआड ठेवू आणि न बघता ऐकू. त्यांचा स्वतःचा परदेशी, एक जुना जपानी, एकाने घरी जुळवलेला तयार संच आणि आठ नंबरचा डबा. लीलाबाईंनाही बोलावलं.

अशा तुलनेत एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चारही प्रीअँपचा आवाज अगदी सारख्या पातळीवर आणायचा. कारण दोन डेसिबलचा फरक कानाला 'हळू' म्हणून कळत नाही. कान म्हणतो, हा फिका आहे, यात जीव नाही. जो किंचित मोठा तो चांगला वाटतो. म्हणून एकच सूर असलेली चाचणीची रेकॉर्ड लावून प्रत्येक प्रीअँप मीटरवर मोजायचा आणि चारही एका आकड्यावर आणायचे. हे काम माझ्याकडे आलं. तपासनीस ना मी!

आदल्या दिवशी लीलाबाईंचा फोन आला. डबा आठवडाभर त्यांच्याकडेच होता. "साहेब, तुमच्या नव्या सुईला मोठा आवाज फाटत होता. एक रेझिस्टर बदललाय, आवाज जरा उतरला असेल. उद्या मोजून घ्या हां."

मी हो म्हणालो.

रविवारी सकाळी मी पहिले तीन मोजले. लोक यायला लागले होते, जयंतभाई घाई करत होते, चहा आला होता. आठवा डबा माझ्याच घरचा. महिन्यापूर्वी मीच मोजलेला, आकडा पाठ होता. मी त्या आकड्यावर बटण लावलं आणि पडदा ओढला.

बारा जण होतो. अ, ब, क, ड अशी चार अक्षरं, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. मी तीन-तीन मिनिटं एकेक वाजवला, मग पुन्हा उलट क्रमाने. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या भरभर आल्या. 'क' जवळजवळ सगळ्यांनी शेवटी टाकला होता. पातळ, मागे राहणारा, जीव नसलेला. कोणत्या अक्षरामागे कोणता प्रीअँप हे जयंतभाईंनी पडद्याआड चहावाल्याकडून जुळवून घेतलं होतं, त्यामुळे मलाही माहीत नव्हतं. माझ्या चिठ्ठीवरही 'क' शेवटी होता.

मग लीलाबाईंची चिठ्ठी उघडली. त्यांनी क्रम लावलाच नव्हता. गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, "अ परदेशी. ब घरी जुळवलेला. क माझा, दोन खटके कमी आहे. ड जपानी."

चारही बरोबर होते, हे पडदा काढल्यावर कळलं. पण 'दोन खटके कमी' वाचलं तेव्हाच फोन आठवला होता. मोजून घ्या हां. माझ्या हातात अकरा चिठ्ठ्या होत्या आणि बारावी मी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

जयंतभाईंनी निकाल सांगितला. परदेशी पहिला, टिफिन शेवटचा. कुणीतरी हसलं. मागच्या रांगेतून लीलाबाई उठल्या. रागावलेल्या नव्हत्या. एखादा हिशोब चुकतोय असं वाटल्यावर माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं, "परबसाहेब, मोजलं होतंत ना?"

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती.

"हो. चारही मोजले."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मग बरोबर."

सभागृहाच्या पायऱ्यांवर मी त्यांना पाठमोऱ्या बघितलं. त्यांनी पर्स काखेत धरली, उजव्या कानाजवळ अंगठा आणि बोट चोळलं, ऐकलं. मग डाव्या कानाजवळ. मग पुन्हा उजव्या.

संध्याकाळी घरी येऊन डबा मोजला. एक पूर्णांक नऊ डेसिबल कमी. मीटरने जे सांगितलं ते बाईंनी खुर्चीत बसून, गाणं चालू असताना सांगितलं होतं.

चूक तेव्हाही सुधारता आली असती. फोन उचलायचा होता. त्याऐवजी मी मंडळाचा अहवाल लिहिला. 'सर्वांची पातळी समान करून घेतली होती. डब्यातला प्रीअँप श्रोत्यांना फिका वाटला.' खाली माझं नाव.

मला वाटलं होतं, फार तर त्यांची तीन गिऱ्हाइकं जातील. तसं झालं नाही. तिघंही आपापल्या डब्यासाठी थांबायला तयार होते. लीलाबाईंनीच त्यांना नाही म्हणून कळवलं. मला फोनवर म्हणाल्या, "वय झालं, साहेब. कान गेला. तुम्ही मोजलं आणि मना दोन खटके कमी ऐकू आलं. असं कधी झालं नव्हतं. आता कुणाच्या घरात माझा डबा गेला आणि तो वाईट असला, तर मना कळणार पण नाय." माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी स्वतःचा कान खोटा ठरवला.

मी म्हणालो, "असं काही नसतं हो." बस, एवढंच.

दोन वर्षं गेली. त्या हंसाबाईबरोबर बाजारात बसायला लागल्याचं कळलं. मी घरी आठव्या डब्यावर रेकॉर्डी ऐकत होतो. बटण दोन खटके वाढवून. तो जयंतभाईंच्या परदेशी अँपच्या कितीतरी पुढे होता, हे रोज ऐकत होतो.

मग माझी सून मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. टीव्ही फार मोठा लावता, म्हणाली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "आजोबा, वरचे सूर तुम्हाला बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नसणार. कधी जाणवलं नाही?" कान गेला होता तो माझा, आणि गेला म्हणून हातातलं काम सोडलं होतं ते लीलाबाईंनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पिशवीत घेतला, पाकिटात जपलेली ती चिठ्ठी घेतली आणि कोळीवाड्यात गेलो. हंसाबाई दारात कोलंबी सोलत होती.

"वर हाय. पण तुमच्या त्या खेळापासून तिनं इस्त्रीला हात नाय लावला. काय केलंत काय तिला?"

माळ्यावर टेबल होतं, त्यावर धुतलेले कपडे रचलेले. मी बसलो नाही. चिठ्ठी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. फोन, चहा, पाठ असलेला आकडा, खिसा. 'चारही मोजले' हे ज्या आवाजात म्हणालो होतो तेही सांगितलं.

लीलाबाईंनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"किती कमी होता?"

"एक पूर्णांक नऊ."

"नक्की मोजलंस?"

कारखान्यापासून त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"तीनदा."

"म्हंजे माझा कान बरोबर होता."

"हो."

मला वाटलं त्या रडतील किंवा मला जिन्यावरून खाली ढकलतील. दोन्ही मी मनात धरून आलो होतो. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. मग एकदम आवाज चढला. "दोन वर्षं, परब! दोन वर्षं मी हंसाला विचारते, गं, तू बोलतेस तशीच बोलतेस ना? भांडं पडलं तर वाटायचं, खरंच एवढंच वाजलं का? मना माझाच भरोसा नाय राहिला. डबा शेवटचा आला त्याचं काय? येऊ दे शेवटी! कान कशाला घेतलास रे माझा?"

मी डबा पिशवीतून काढून पुढे धरला.

त्यांनी टेबलावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले. "डबा ठेव. सुई बदललीस का पुन्हा? नाय? मग आठ दिवसांनी ये. आणि तुझ्या त्या घाटकोपरवाल्यांना सांग. मना सांगून काय उपयोग? मना तर माहीतच होतं."

मी हो म्हणालो. लीलाबाईंना दिलेला हा माझा तिसरा होकार. पहिल्या दोन्हींसारखाच तोही निघाला. मंडळाच्या दर रविवारी ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. पाच महिन्यांनी हंसाबाईचा फोन आला. थोडकं आजारपण झालं आणि लीलाबाई गेल्या. तेव्हा आता जयंतभाई आणि मंडळातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो. त्या रविवारी मी आठवा डबा मोजला नव्हता. खोलीत बसलेल्यांपैकी एकाच माणसाला खरं ऐकू आलं होतं आणि त्या माणसाची चिठ्ठी मी लपवली. अहवालातलं पातळीचं वाक्य खोडावं.

त्या कबुलीनंतर आठ दिवसांनी डबा आणायला गेलो होतो, ती शेवटची भेट. त्यांनी झाकण बंद करून दिलं. तळाशी आठाच्या शेजारी खिळ्याची एक नवी, बारकी रेघ होती. कशाची, ते विचारायची हिंमत झाली नाही. टेबलावर मसाल्याचा डबा उघडा होता, इस्त्री गरम होती, आणि माळाभर नेलपॉलिशचा वास.

मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. एरवी येत नसत. गल्लीतून चालताना सारख्या थांबत होत्या.

"हा पंप ऐक. बेअरिंग चाललंय याचं. महिनाभर टिकेल."

पुढे बर्फाचा टेम्पो उभा होता, इंजिन चालू. "बेल्ट सैल. ऐकतोस ना?"

मी मान हलवली. कानातलं यंत्र लावलं होतं, तरी मला नुसता टेम्पो ऐकू येत होता.

कुणाच्या घरात मिक्सर लागला. लीलाबाई म्हणाल्या, "सुकं खोबरं." मागून एक बाई खिडकीत आली तर तिला विचारून खात्रीही करून घेतली. खोबरंच होतं. एखादी हरवलेली वस्तू घरात परत आली की माणूस तिला पुन्हा पुन्हा हात लावून बघतो, तशा त्या प्रत्येक आवाजाला थांबत होत्या. माझ्याशी बोलत होत्या, पण मला माफ केलं असं कुठेही म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. बसता बसता मी म्हणालो, "लीलाबाई, मी पुढच्या रविवारी मंडळात—"

त्यांनी डावा हात वर केला. मी थांबलो. रिक्षावालाही थांबला. त्या समुद्राच्या बाजूला मान कलती करून उभ्या होत्या, डोळे मिटलेले, चष्मा नाकावर घसरलेला. तिकडून काहीतरी येत होतं. मी कान दिला, श्वास धरला. मला काहीच ऐकू आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू हसू पसरत होतं.